तीस सेकंदांची तालीम

मराठीच्या अध्यापकांना संगीताविषयी बोलण्याचा अधिकार काय, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्तच म्हणावा लागेल. आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. छंदःशास्त्राच्या तासाला मात्रा मोजतो, सौंदर्यशास्त्राच्या तासाला मर्ढेकरांची लयतत्त्वे फळ्यावर मांडतो. आमचे सांगीतिक भांडवल एवढेच. परंतु आमच्याच विभागातून एम.ए. झालेला एक विद्यार्थी सध्या मुंबईत मालिकांना आणि जाहिरातपटांना संगीत देतो. गेल्या दिवाळीत तो घरी आला आणि बोलता बोलता त्याने विचारले, "सर, मॅडम, मी करतो ती रचना म्हणायची की हमाली?"

प्रश्नामागे कारण होते. महाविद्यालयात असताना हा मुलगा कवितांना चाली लावीत असे. कवितेतला विराम कुठे सांभाळायचा आणि कुठे मोडायचा, याची त्याला उपजत जाण होती. आता त्याच्याकडे रात्री दृश्ये येतात आणि सकाळी संगीत द्यावे लागते. संकलकाने दृश्याखाली आधीच कुठल्यातरी गाजलेल्या चित्रपटाचे संगीत चिकटवलेले असते आणि वर निरोप असतो : असेच हवे, पण हे नको. भरीस भर म्हणून एका निर्मितीसंस्थेने त्याच्यापुढे वर्षभराचा करार ठेवला होता. रक्कम बरी होती. मात्र रचलेल्या प्रत्येक सुरावरचा हक्क कायमचा संस्थेचा. सही करावी की नाही, हे तो ठरवू शकत नव्हता.

आपल्या समीक्षेला अशा प्रश्नाचे उत्तर पटकन देता येत नाही. कलेसाठी कला की जीवनासाठी कला हा वाद आपण दोन पिढ्या घातला. पण दुसऱ्या कलेसाठी राबणाऱ्या कलेचे काय, हे फारसे विचारले नाही. दृश्याच्या पाठीमागे उभे राहणारे संगीत स्वायत्त नाही, म्हणून ते दुय्यम, असा एक न बोललेला निकाल आपल्या मनात असतो. तो निकाल तपासून पाहायचा, तर वनराज भाटियांची वाट पाहावी.

भाटियांचा जन्म १९२७ चा, मुंबईचा. लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये आणि पुढे पॅरिसला नादिया बुलांजे यांच्याकडे ते रचना शिकले. ज्या बाईंच्या हाताखाली अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या कितीतरी संगीतकारांनी धडे गिरवले, त्यांचा हा विद्यार्थी १९५९ साली भारतात परतला, तेव्हा त्याच्या विद्येला इथे गिऱ्हाईक कुठे होते? सिम्फनी लिहिणाऱ्याला ऑर्केस्ट्रा हवा, ऑपेरा लिहिणाऱ्याला रंगमंदिर आणि गायकांचा ताफा हवा. काही वर्षे त्यांनी दिल्ली विद्यापीठात पाश्चात्त्य संगीतशास्त्र शिकवले. आणि दुसरीकडे त्यांना काम मिळाले ते जाहिरातींचे. शक्ती सिल्क साड्यांच्या जाहिरातपटापासून सुरुवात झाली. पुढे लिरिल साबण, गार्डन वरेली साड्या असे करता करता सात हजारांहून अधिक जाहिराती त्यांच्या नावावर सांगितल्या जातात.

बुलांजेंचा शिष्य साबणाला चाल लावतो, ही गोष्ट कोणाला शोकांतिका वाटेल. आम्हांला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण आमच्या विद्यार्थ्यानेच वहीच्या पाठकोऱ्या पानावर मांडून दाखवले. तीस सेकंदांची जाहिरात. लय मिनिटाला १२० मात्रांची धरली, तर हातात येतात मोजून ६० मात्रा. त्रितालाची चार आवर्तने म्हणजे ६४. म्हणजे चौथे आवर्तन चार मात्रा आधीच तुटणार. ती पुरी बसवायची तर लय १२८ ला न्यावी लागते. पण वस्तूचे नाव उच्चारले जाते तो क्षण समेवर यायला हवा, आणि तो क्षण संकलकाने आधीच कापून ठेवलेला असतो. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी. १२० च्या लयीत प्रत्येक मात्रेला १२ चौकटी नेमक्या बसतात. आपल्या दूरचित्रवाणीवर चौकटी २५, म्हणजे मात्रेला साडेबारा; आणि अर्धी चौकट तर अस्तित्वातच नसते. तेव्हा लय १२५ करा, की पुन्हा मात्रेला १२ चौकटी.

हे ऐकताना आम्हांला वर्गातले वृत्तांचे तास आठवले. अक्षरगणवृत्तात लिहिणारा कवी याहून निराळे काय करतो? गण ठरलेले, यती ठरलेली, अक्षरे मोजलेली. आणि तरीही एकाची ओळ जिवंत उभी राहते, दुसऱ्याची नुसती जुळते. बंधन सगळ्यांना सारखेच असते, हा त्यातला मोठा न्याय म्हटला पाहिजे.

श्याम बेनेगलही जाहिरातीच्याच जगातून आलेले. त्यांचा पहिला कथापट 'अंकुर' १९७४ चा. त्याचे संगीत भाटियांचे. म्हणजे परदेशातून परतल्यावर कथापटापर्यंत यायला त्यांना पंधरा वर्षे लागली होती, आणि वय सत्तेचाळीस झाले होते. ही वर्षे वाया गेली नव्हती, हे 'भूमिका' (१९७७) ऐकताना कळते. हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर आधारलेला हा चित्रपट. ते पुस्तक आम्ही वर्गात शिकवतो तेव्हा त्यातल्या बोलीचा, बैठकीच्या सुराचा विचार करतो. भाटियांपुढचे काम अधिक अवघड होते. नायिकेच्या आयुष्याबरोबर चित्रपटसृष्टीचाही काळ बदलतो. त्या त्या काळातल्या चित्रपटांतली गाणी त्या त्या काळचीच वाटली पाहिजेत. येथे संगीतकाराने स्वतःचा आवाज बाजूला ठेवायचा असतो. ज्याने हजारो वेळा दुसऱ्याच्या मालासाठी आपला आवाज बदलला, त्यालाच हे इतके सहज साधले असावे, असा आमचा तर्क आहे.

मग १९८८ साली गोविंद निहलानींची 'तमस' ही मालिका आली. तिच्या संगीतासाठी भाटियांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी 'भारत एक खोज' सुरू झाली. तिच्या प्रारंभी येणारे नासदीय सूक्त आठवत नाही असा आमच्या पिढीचा माणूस विरळाच. वेदातला विश्वोत्पत्तीचा प्रश्न पाश्चात्त्य पद्धतीच्या समूहगायनातून रविवारी सकाळी घराघरांत पोचला. तो पोचवणाऱ्याला थोड्या सेकंदांत मोठी गोष्ट उभी करण्याची सवय जडलेली होती.

हा काही एकट्या भाटियांचा अपवाद नव्हे. ए. आर. रहमान 'रोजा' (१९९२) पूर्वी जाहिरातींचे संगीत करीत होते. भास्कर चंदावरकरांची वाट वेगळी : रविशंकरांकडची सतारीची तालीम, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधले अध्यापन आणि 'घाशीराम कोतवाल'सारखे नाटक. पण त्यांनाही दृश्यापुढे मान लववूनच आपले म्हणणे मांडावे लागले. मर्ढेकरांनी संवादलय, विरोधलय आणि समतोललय अशी जी त्रयी सांगितली, ती पडद्यावरच्या संगीताला चपखल लागू पडते. रडणाऱ्या चेहऱ्यामागे सारंगी लावणे हा संवाद. ते कोणालाही जमते. त्या चेहऱ्यामागे लांबून येणारी लग्नाची सनई ठेवणे हा विरोध. आणि या दृश्याला काहीच नको, असे सांगून वाद्ये खाली ठेवणे, यात समतोल आहे. मालिकांच्या रोजच्या धबडग्यात या तिसऱ्या धैर्याला जागा उरत नाही. आमच्या विद्यार्थ्याची खरी तक्रार तीच होती. रात्रीच्या जागरणाची नव्हती.

म्हणून रचना की हमाली, याचे उत्तर कामाच्या प्रकारात शोधून सापडणार नाही. ते दोन ठिकाणी शोधावे. एक म्हणजे, गप्प राहण्याचा अधिकार संगीतकाराकडे किती उरला आहे. दुसरे म्हणजे, केलेल्या कामावर त्याचा हक्क किती उरला आहे. भाटियांच्या अखेरच्या वर्षांतली आर्थिक ओढाताण २०१९ साली वर्तमानपत्रांतून आली. हजारो जाहिराती, अनेक चित्रपट आणि मालिका ज्याच्या, त्याला म्हातारपणी पैशाची विवंचना पडावी, याचा अर्थ तरुण संगीतकाराने नीट लावला पाहिजे. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात झालेल्या दुरुस्तीने चित्रपटातील संगीताच्या चित्रपटगृहाबाहेरील वापरावर संगीतकाराला स्वामित्वधनाचा समान वाटा दिला. हा वाटा वारसांना किंवा स्वामित्वधन गोळा करणाऱ्या संस्थेलाच देता येतो. एरवी सोडून देता येत नाही. कायद्याने दिलेले करारात हळूच काढून घेतले जात नाही ना, हे मात्र ज्याचे त्यालाच वाचावे लागते.

आणि वाचणे हा तर आमचा धंदा. त्याचा करार आम्ही तिघांनी कलमाकलमाने वाचला. एखाद्या दुर्बोध कवितेचेही इतके निकट वाचन आम्ही अलीकडे केले नसेल. शब्दांचे अर्थ लावून झाल्यावर तो एका वकिलाकडे गेला. हक्काचे कलम बदलून मागितले, तेव्हा संस्थेने करारच मागे घेतला. त्याचे वर्षभराचे निश्चित उत्पन्न गेले, ही हानी खरी आहे आणि तिला तात्त्विक मुलामा देण्याची आमची इच्छा नाही. घरभाडे तत्त्वावर भागत नाही.

सध्या तो एका खताच्या जाहिरातीचे संगीत करतो आहे. वीस सेकंदांची आहे. १२० च्या लयीत ४० मात्रा होतात, म्हणजे झपतालाची चार पुरी आवर्तने, असे त्याने फोनवर कळवले. आवाजात हमाली अजिबात नव्हती.