बोटीचा हिशोब आणि तळ्याचा दोर

आज उसाचं नाही, बोटीचं लिहितोय. हसू नका.

धाकटा आठवीत आहे. कॅनॉलचं आवर्तन आलं, शेततळं भरलं, की त्याचं एकच, पप्पा रिमोटची बोट घ्या. उसाचा पहिला हप्ता जमा झाला तसं किट मागवलं, २,६०० रुपयांना. आत प्लायवूडचे कापलेले तुकडे, मोटर, शाफ्ट, पंखा. रिमोट, बॅटरी, चार्जर वेगळं घ्या, हे खोक्यावर बारीक अक्षरात. ठिबकचं पण असंच होतं ना? लॅटरलचा भाव विचारून आपण खूश, आणि फिल्टर, व्हेंच्युरी, जॉइनरनं बजेट फोडलेलं असतं.

रिमोट-रिसीव्हर १,९००. स्पीड कंट्रोलर आणि सुकाणूची सर्वो मोटर ९००. बॅटरी-चार्जर १,७००. गोंद, वार्निश, वायर, जादा दोन पंखे, कपलर ४५०. हे किरकोळ सामान पुण्याला गेलो तेव्हा बुधवार पेठेतून, पासोड्या विठोबाजवळून आणलं. एकूण ७,५५०. म्हणजे किट जेमतेम तिसरा हिस्सा.

बॅटरीचे पैसे वाचवायला आधी फवारणी पंपाची १२ व्होल्टची लावून पाहिली होती. अडीच किलोचं धूड! बोट काठोकाठ बुडाली. शाफ्टच्या नळीत ग्रीस भरायचं पण राहिलं होतं, त्यातून पाणी आत. असो.

खरी गोष्ट पुढं. एका रविवारी बोट मधोमध बंद पडली. मी मोटरीपाशी होतो. वळून बघतो तर पोरानं चपला काढलेल्या, एक पाय कागदावर. ५०० मायक्रॉनचा कागद, त्यावर शेवाळ, खाली दहा फूट पाणी. तिथं पट्टीचा पोहणारा पण वर येत नाही, कारण हाताला धरायला काही लागतच नाही. दंडाला धरून मागं ओढला. दोन द्याव्या वाटल्या, पण तळ्यावर बोट आणायची बुद्धी माझीच.

शेजारच्या दादांना हाक मारली. या काठावर ते, त्या काठावर मी, मध्ये दोर ताणून बोट ओढत आणली. पंख्याला शेवाळाचा हा एवढा गोळा.

दुसऱ्या दिवशी ५० मीटर नायलॉन दोर आणला. आठ तुकडे केले, फूट-फुटावर गाठी मारल्या. खुंट कागदाच्या बाहेर, पक्क्या बांधात ठोकले. दोर तळापर्यंत सोडलाय, उन्हाळ्यात पाणी खाली गेलं तरी हाताला लागावा म्हणून. पंक्चरवाल्याकडून दोन जुन्या ट्यूब हवा भरून आणल्या. सगळं १,३०० रुपयांत. हे मी बोटीच्याच हिशोबात धरलंय. तळं होऊन पाच वर्षं झाली, तोवर तिथं काहीच नव्हतं, हे लिहायला लाज वाटते.

फाटकाची किल्ली आता आजीच्या कमरेला. बोट सोडायची तर तिला सोबत न्यावं लागतं. ती खुर्ची घेऊन बसते आणि बोट हळू चालव म्हणून ओरडते.

जादा पंख्यातला एक तुटला परवा. उरला एक.