शिवडीची पश्चिमेची वाट

हार्बर मार्गावरील शिवडी स्थानकाला दोन बाजू आहेत. पूर्वेस खाडी. हिवाळ्यात ओहोटीच्या चिखलात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात आणि हौशी मंडळी दुर्बिणी घेऊन तिकडे वळतात. पश्चिमेस महापालिकेचे क्षयरोग रुग्णालय. त्या बाजूला जाणारे सहसा मान खाली घालून चालतात. गेल्या भाद्रपदापासून दादा, वहिनी आणि मी ती पश्चिमेची वाट चालत होतो.

दादांचे वय ७१. काही वर्षांपूर्वी खोकला थांबताच त्यांनी क्षयाची औषधे मध्येच सोडली होती. रोग परतला तो रिफाम्पिसिनला न जुमानणारा होऊन.

डॉक्टरांनी चार औषधे दिली : बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन. ‘एवढी कशाला?’ या दादांच्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी शांतपणे दिले. फुफ्फुसातील असंख्य जंतूंत एखाद्या औषधाला दाद न देणारे थोडे जंतू आधीपासूनच असतात. औषध एकच असेल, तर बाकीचे मरतात आणि हे थोडे फोफावतात. १९४०च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आले, तेव्हा हेच घडले. रुग्ण आधी सुधारले, पण पुढे अनेकांवर औषध चालेनासे झाले. औषधे एकत्र दिली, की एकातून निसटलेला जंतू दुसऱ्याच्या हाती सापडतो.

पूर्वी असा उपचार दीड-दोन वर्षे चाले. त्यातील इंजेक्शनांनी काहींची श्रवणशक्तीही जाई. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये शिफारस केलेल्या आणि भारताने २०२४ मध्ये स्वीकारलेल्या या चार औषधांच्या उपचारात इंजेक्शन नाही, आणि तो बहुधा सहा महिन्यांत पुरा होतो.

कार्तिकात दादांच्या तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. “ही एक गोळी सोडतो. बाकीच्या तीन घेतोच आहे की!” ते म्हणाले. वहिनींनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शिवडीला होतो. मुंग्या लिनेझोलिडमुळे होत्या. डॉक्टरांनी पाय तपासले, रक्त तपासले आणि मात्रा कमी केली. गोळी मात्र सोडू दिली नाही. “एक पहारेकरी उठला, की इतर तिघांवर भार येतो,” एवढेच ते बोलले.

घरात असा रुग्ण असणाऱ्यांनी हे ध्यानी धरावे. पायांना मुंग्या, अंधुक दिसणे, छातीत धडधड, अतिशय थकवा किंवा डोळ्यांत पिवळेपणा दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. औषध कमी करणे वा बदलणे हा निर्णय त्यांचाच. आपले काम लक्ष ठेवण्याचे, खिडक्या उघड्या ठेवण्याचे, आणि रुग्णाला एकटे न पाडण्याचे.

फाल्गुनात उपचार संपले. थुंकीची तपासणी निर्दोष आली. पुढची दोन वर्षे अधूनमधून तपासणीला यायचेच आहे. त्या दिवशी परतताना दादा स्थानकापाशी थांबले आणि म्हणाले, “आज पूर्वेला जाऊ या.”

ओहोटी लागली होती. वहिनींनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, आणि सवयीने गोळ्यांची डबीही. ती रिकामी होती.