जखम मोठी, पगार अर्धा

नागपूर

ती. स्व. मामांना,


तुरुंगात किंवा मनोरुग्णालयात नोकरी धरणारा जोखीम ओळखूनच येतो, मग जखमेसाठी सरकारने वेगळं काय द्यायचं, असं तुम्ही पत्रात विचारलंत. कोषागारात हयात घालवलेल्या माणसाला हा प्रश्न पडणारच. पण जोखमीचा पैसा पगारात दिसतो कुठे? आपल्या प्रादेशिक मनोरुग्णालयातला कक्षसेवक गट ड मधला आणि कचेरीत फायली पोचवणारा शिपाईही गट ड मधलाच. शिवाय 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधायला पूर्ण बंदी केली आणि जखडून ठेवणं अगदी तातडीच्या धोक्यापुरतंच राखलं. हे योग्यच झालं. मात्र खवळलेल्या रुग्णाला आवरायचं ते आता कर्मचाऱ्याच्या हातांनीच. भ्रमाच्या भरात त्याने डोळा फोडला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 22 प्रमाणे तो गुन्हाही ठरत नाही, आणि ठरू नये. मग जखमीने भरपाई मागायची कुणाकडे? समाजाने माणुसकी स्वीकारली आहे, तर तिची किंमत एकट्या कक्षसेवकाच्या अंगावर टाकणं अन्याय आहे. वर्धा रोडवरच्या मध्यवर्ती कारागृहात हल्लेखोर कैद्यावर खटला तरी होतो, पण त्याच्या शिक्षेने जखमी शिपायाचं घर चालत नाही.

नियम अजिबात नाहीत असं नव्हे. राज्य सरकारच्या 1981 च्या रजा नियमांत विशेष विकलांगता रजा आहे, जास्तीत जास्त 24 महिन्यांची. पण पूर्ण पगार पहिले 120 दिवसच, पुढे अर्धा. म्हणजे ज्याची जखम जास्त खोल, त्याचंच नुकसान जास्त! केंद्राने 2018 मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी हे बदललं: इस्पितळात असेपर्यंत पूर्ण पगार, त्यानंतरही सहा महिने पूर्ण. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात तर रुग्ण किंवा कैद्याच्या हल्ल्यात जखमी झालेल्या सरकारी कर्मचाऱ्याला भरपाई आणि पगार यांतला फरक मिळतो, आजारपणाची रजाही कापली जात नाही. खोटे दावे वाढतील, ही तुमची भीती मला फार मोठी वाटत नाही. बंद आवारात, पाळीच्या नोंदीत, इतरांच्या देखत घडलेली मारहाण तपासणं अवघड नाही. कंत्राटी माणसाला मात्र हे रजा नियमही लागू नाहीत, आणि मार तर त्यालाही तितकाच बसतो.

तुमची निवृत्तांची संघटना सरकारला निवेदनं देते. पुढच्या निवेदनात एवढी मागणी घाला: हल्ल्यात जखमी झालेल्याला, मग तो कायम असो वा कंत्राटी, बरा होईपर्यंत पूर्ण पगार.

आपला,
भाचा