आगरातले एक वर्ष

कोकणच्या किनाऱ्यावर मुरुडे दोन आहेत. एक जंजिऱ्याचे, रायगड जिल्ह्यातले. त्याचे नाव घेतले की पाठोपाठ समुद्रातला तो अजिंक्य किल्ला आपोआप डोळ्यांपुढे येतो. दुसरे आमचे. रत्नागिरी जिल्ह्यातले, दापोली तालुक्यातले, हर्णै आणि कर्दे यांच्या मधले. आमच्या मुरुडला किल्ला नाही. त्यामुळे नव्या माणसाला पत्ता देताना 'किल्ल्याचे नव्हे हो, कर्व्यांचे मुरूड' असे बजावून सांगावे लागते. महर्षी धोंडो केशव कर्वे १८५८ साली जन्मले ते आजोळी, शेरवलीला. पण वाढले इथे. एवढी ओळख आम्हांला पुरते.

दापोली उंचावर आहे. तिथून आसूदची वळणे घेत घेत गाडी खाली उतरू लागली की हवा बदलते. गारवा जातो आणि खारा, ओलसर वास येऊ लागतो. या वळणांच्या आसपासच मुर्डी आणि गारंबी. श्री. ना. पेंडसे यांच्या 'गारंबीच्या बापू'चा हा मुलूख. आणखी थोडे पुढे गेले की मुरूड. गाव म्हणजे समुद्राला समांतर गेलेला एक रस्ता आणि त्याच्या दोन्ही अंगांना घरे. घरापुढे खळे, घरामागे विहीर, विहिरीमागे आगर. समुद्राच्या बाजूची आगरे थेट पुळणीला जाऊन भिडतात. दोन आगरांच्या गडग्यांमधून माणूस जेमतेम जाईल एवढी वाट असते. त्या वाटेने दुपारी बाराला निघालात तरी ऊन लागत नाही; शेवटी एकदम डोळे दिपवणारा समुद्रच पुढे येतो.

निदान २०२० सालच्या जूनपर्यंत तरी हे असेच होते.

आगर म्हणजे नुसती बाग नव्हे. ते तीन मजली घर आहे म्हणा ना! वरच्या मजल्यावर माड, मधल्या मजल्यावर पोफळी, आणि तळमजल्यावर केळी, जायफळ, पोफळीच्या अंगाखांद्यावर चढलेले मिरवेल. माडाने पोफळीवर सावली धरायची, पोफळीने मिरवेलाला आधार द्यायचा आणि माणसाने सर्वांना शिपणे करायचे. यातला एक जरी गेला तरी बाकीच्यांचे हाल होतात. एकत्र कुटुंबासारखेच, भांडणे सोडून.

आमच्या मोठ्या काकांचे आगर तीस गुंठ्यांचे. त्यात सुमारे ४०० पोफळी आणि ५२ माड होते. ३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. आमचे गाव त्याच्या वाटेच्या दक्षिणेला. तरी काही तासांत सारे आडवे झाले. काकांनी नंतर मोजले. पोफळी उरल्या ७३, माड १९. घराची कौले कुठे गेली याचा तर शोधच लागला नाही.

मी तेव्हा पुण्याला होते. बी. एस्सी.चे शेवटचे वर्ष, विषय वनस्पतिशास्त्र. टाळेबंदीमुळे परीक्षा लांबल्या होत्या; होणार की नाही हेच कोणाला सांगता येत नव्हते. एका कंपनीने मार्च महिन्यात मला नोकरीचे पत्र दिले होते. जून महिन्यात त्याच कंपनीचे दुसरे पत्र आले, रुजू होण्याची तारीख यथावकाश कळवू. ती तारीख आजतागायत कळलेली नाही. घरात बसून मी छताकडे पाहत होते. इकडे काकांच्या घराला छतच नव्हते. बाबा म्हणाले, "चल, आठ दिवस जाऊन येऊ." ई-पास काढून आम्ही निघालो. बाबा महिन्याने परतले. मी वर्षभर राहिले.

पहिले चौदा दिवस विलगीकरणाचे. आम्हां दोघांना पडवीत ठेवले होते. काकू उंबऱ्याच्या आतून मऊ भात आणि मेतकूट पुढे सरकवायची. डोक्यावर निळे ताडपत्रीचे छप्पर, वर धो धो पाऊस. दापोलीचा पाऊस वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास. त्यातला निम्मा आमच्याच ताडपत्रीवर पडला असे वाटे. कित्येक आठवडे वीज नव्हती. संध्याकाळी सातला अंधार, आठला जेवण, साडेआठला झोप. पहिल्या आठवड्यात मला रडू येई. दुसऱ्या आठवड्यात येईनासे झाले, कारण दिवसा झापा ओढून ओढून अंग इतके दुखे की रडायला जागे राहणे जमत नसे.

पडलेले झाड उचलणे हे उभे झाड लावण्यापेक्षा कठीण काम आहे. माडाचे खोड चार माणसांना हलत नाही. सारे गावच आडवे झालेले. गडी कोणाला मिळणार? करवत एक, तिचा मालक एक आणि वाट पाहणारी घरे शंभर. नुकसानभरपाईच्या अर्जात क्षेत्राचा रकाना हेक्टरांचा आणि आमचे आगर गुंठ्यांचे! काका चष्मा पुसत म्हणाले, "अगो, शून्यापुढे टिंब देऊन किती बारीक आकडा लिहायचा? त्यांना दिसेल ना?"

इकडे पुण्यामुंबईचे नातेवाईक फोनवरून एकच प्रश्न विचारत. 'मग, पुढे काय?' आत्या म्हणाली, वर्ष फुकट घालवू नकोस, एखादा कोर्स कर. मावशीने एका स्थळाचा फोटो पाठवला. मागे पासपोर्टची हकीकत. माझ्याबरोबरीची मुले घरबसल्या कसकसली प्रमाणपत्रे मिळवत होती. आणि मी? मला पोफळीचे शास्त्रीय नाव 'अरेका कॅटेचू' हे तेवढे येत होते. काकांनी ते दोनदा म्हणायला लावले आणि विचारले, "हे म्हटलं की उगवते का?"

ऑगस्टअखेर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि परीक्षा होणार हे ठरले. आमची ऑक्टोबरात, तीही ऑनलाइन. मुरुडला वीज आली होती, पण मोबाइलला रेंज मिळेल तर शपथ! शेजारचा रिक्षावाला मला रोज आसूदच्या घाटात एका ठरावीक वळणावर नेई. तिथे रेंजच्या दोन कांड्या दिसत. मी मागच्या सीटवर बसून पेपर सोडवी आणि तो पुढे उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला 'हॉर्न वाजवू नका, परीक्षा चालू आहे' म्हणून हात जोडी. मी पास झाले. माझ्या पदवीत त्या रिक्षेचा वाटा आहे, हे कागदावर लिहिलेले नाही म्हणून इथे लिहिते.

त्याच दिवसांत काकांनी मला कर्व्यांची ती गोष्ट सांगितली. मुरुडच्या या मुलाला शाळेची परीक्षा द्यायची होती आणि केंद्र होते साताऱ्याला. सोबत्यांबरोबर तो इथून पायी निघाला. रानवाटा तुडवीत, घाट चढून साताऱ्याला पोहोचला. तिथे अधिकाऱ्यांनी त्याच्याकडे पाहिले आणि सांगितले, तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस. परीक्षेला बसता येणार नाही. आला तसा परत. "त्याचं वर्ष फुकट गेलं असं त्याच्या आत्यालाही वाटलं असेल," काका म्हणाले. कर्वे १०४ वर्षे जगले, 'भारतरत्न' झाले. एवढे आयुष्य असेल तर एक वर्ष गेले तरी चालते, असे मी म्हणाले. काका हसले नाहीत. म्हणाले, "चालतं असं नाही. ते पायी चालणं त्याच्या अंगात राहिलं."

दिवाळी झाली आणि खरा पेच समोर आला. मुंबईचे एक गृहस्थ आगर विकत घ्यायला तयार होते. समुद्रकाठची जागा, तिथे त्यांना पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या होत्या. त्यांनी सांगितलेली रक्कम काकांनी सत्तर वर्षांत कधी एकत्र पाहिली नव्हती. माझे दोघे चुलत भाऊ, एक ठाण्याला, एक बोरिवलीला. दोघांचेही म्हणणे एकच, 'बाबा, आता तुम्हांला झेपणार आहे का?' त्यांचे चुकत नव्हते. पोफळ लावल्यापासून फळ धरायला सहा-सात वर्षे लागतात आणि काका तेव्हा बहात्तर वर्षांचे होते. तीन आठवडे घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हते. काकू रहाटावर पाणी ओढताना मध्येच थांबून आगराकडे पाहत राही. सावली गेल्यामुळे उरलेल्या पोफळींची खोडे पश्चिमेच्या उन्हाने भाजून पिवळी पडू लागली होती. उभे राहिले तेही जाईल, अशी धास्ती वाटू लागली होती.

अखेर काकांनी मधला मार्ग काढला. समुद्राकडचे आठ गुंठे विकले. त्या पैशांतून घरावर नवी कौले आली, विहिरीवर पंप आला, काकूचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. उरलेल्या बावीस गुंठ्यांत पुन्हा आगर करायचे ठरले. सौदा झाला त्या दिवशी काका जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून त्यांनी केळीचे खड्डे आखायला घेतले. आधी केळ, केळीच्या सावलीत पोफळ, असा क्रम असतो.

पुढचे सारे शिक्षण मला त्या बावीस गुंठ्यांनी दिले. बियाणे निवडायचे ते जुन्या, भरपूर धरणाऱ्या पोफळीचे. वादळात टिकली तिचे तर उत्तमच. पिकलेली सुपारी पाण्यात सोडायची. देठाकडचा भाग वर करून जी उभी तरंगते ती घ्यायची, आडवी होते ती बाजूला टाकायची. मग देठ वर ठेवूनच ती वाफ्यात लावायची. कोंब दिसायला दीड-दोन महिने लागतात. तोवर नुसते पाणी घालायचे आणि विश्वास ठेवायचा. महाविद्यालयात आम्ही बीजांकुरणाच्या आकृत्या काढल्या होत्या. त्यांत विश्वास कुठे दाखवायचा हे कोणी सांगितले नव्हते.

फेब्रुवारी महिन्यात ३०० सुपाऱ्या लावल्या. मार्च महिन्यात एका पहाटे शेजारच्या मुलांबरोबर आंजर्ल्याला गेले. तिथल्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालतात. गावकरी ती जपून ठेवतात आणि सुमारे पन्नास दिवसांनी पिल्ले बाहेर आली की समुद्राच्या दिशेने सोडतात. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने हे काम सुरू केले, तेच लोण किनाऱ्याने पसरले. तळहाताएवढेही नसलेले ते पिल्लू लाटेने चारदा मागे फेकले जाते आणि पाचव्यांदा पुन्हा निघते. कोणी त्याला 'पुढे काय' म्हणून विचारत नाही. परत येऊन वाफा पाहिला तर पहिले हिरवे कोंब वर आलेले.

मे महिन्यात रोपे बोटभर झाली आणि पुन्हा वादळाची बातमी आली, तौक्ते. या खेपेला सर्वांना अनुभव होता. काकूने घरातले जुने दरवाजे काढून दिले. ते आणि झापा मिळून आम्ही वाफ्यावर मांडव घातला, वर दगड ठेवले. १६ मे २०२१ ला वादळ समुद्रातूनच उत्तरेला सरकत गेले आणि दुसऱ्या दिवशी गुजरातेत किनाऱ्याला लागले. आमचे आणखी दोन माड पडले. एक नेमका मांडवाच्या कोपऱ्यावर. पाऊस थांबल्यावर आम्ही तिघे उकरून पाहत होतो. ३०० सुपाऱ्यांपैकी २४१ उगवल्या होत्या. त्यांतल्या १८८ वाचल्या. काकांनी आकडा वहीत लिहिला आणि म्हणाले, "पुष्कळ झाल्या."

जुलै महिन्यात मी पुण्याला परतले. पुढे एम. एस्सी. केले, नोकरी लागली. मुलाखतीत एका बाईंनी विचारले, "२०२० ते २१ या वर्षात काय केलंत?" मी म्हणाले, "सुपारी लावली." त्यांना वाटले, कोणाच्या तरी लग्नाची. पण समजावून सांगितल्यावर पुढची पंधरा मिनिटे त्यांनी दुसरे काहीही विचारले नाही. त्यांचे माहेर श्रीवर्धनचे निघाले. निसर्गने त्यांचेही आगर नेले होते.

ती रोपे २०२२ च्या पावसात कायमच्या जागी गेली. नऊ नऊ फुटांवर एकेक. केळी मोठ्या झाल्या आहेत, पोफळी त्यांच्या सावलीतून डोके वर काढू लागल्या आहेत. फळ मात्र अजून नाही. काका रोज सकाळी एक फेरी मारतात. आपल्याला ही सुपारी खायला मिळेल की नाही, याबद्दल ते बोलत नाहीत. त्यांनी स्वतः आयुष्यभर खाल्ली ती आजोबांनी लावलेली होती, एवढेच एकदा म्हणाले. वर्ष वाया जाणे आणि वर्ष मुरणे यांत फरक असतो. तो वरून दिसत नाही, सहा-सात वर्षांनी दिसतो.

तुम्ही मुरुडला जाल तेव्हा थंडीत जा. मार्गशीर्षात समुद्र शांत असतो, हर्णैच्या बंदरात संध्याकाळी मासळीचा लिलाव रंगतो, आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीपासून सुवर्णदुर्ग स्वच्छ दिसतो. पुळणीवर जरूर जा, मुले ऐकायची नाहीतच. पण जाताना गडग्यांमधल्या त्या वाटेने जा आणि मध्ये थोडे थांबा. दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढी, कमरेएवढी रोपे दिसतील. सावली अजून पडत नाही, ऊन लागेल. बरोबर टोपी ठेवा, आणि घरात नुकताच पदवीधर झालेला कोणी मुलगा किंवा मुलगी असेल, तर तिथे उभे असताना तरी त्याला 'पुढे काय' विचारू नका.