कुठली नळी काढायची?

जुनी कार्ब्युरेटरची गाडी बाळगणाऱ्याला एक सल्ला फुकटात मिळतो: "त्या सगळ्या नळ्या काढून टाका, गाडी पळंल." लोणीत मला तो निदान चौघांनी दिलाय. आमची मारुती ८०० आहे १९९८ ची. ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं एवढंसं इंजिन आणि कार्ब्युरेटरभोवती काळ्या रबरी नळ्यांचं जंजाळ. मंचरच्या मिस्त्रींनी बॉनेट उघडलं आणि म्हणाले, "इंजिनिअर, ही गाडी हाय का आयसीयूतला पेशंट?"

माझी डिग्री मेकॅनिकलची, पोट भरतं सॉफ्टवेअरवर. त्यामुळे हा सल्ला मला ओळखीचा वाटतो. टीममध्ये नवा पोरगा येतो, जुना कोड बघतो आणि पहिल्याच आठवड्यात म्हणतो, "हे सगळं उडवून टाकू." कधीकधी त्याचं बरोबरही असतं. प्रश्न इतकाच, की नेमकं काय उडवायचं हे ठरवायचं कसं?

कार्ब्युरेटरचं मूळ काम साधं आहे. इंजिन हवा ओढतं. वाटेत गळा अरुंद होतो, तिथे हवेचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि जेटच्या बारीक भोकातून पेट्रोल आपोआप ओढलं जातं. वजनाने साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल, हा हिशोब जमेल तेवढा सांभाळायचा. सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. पण थंडीतली सकाळ वेगळी, घाट वेगळा, उन्हात उभी गाडी वेगळी. अशा एकेका अडचणीसाठी एकेक नळी वाढत गेली. २००० च्या सुमारास धुराचे नियम कडक झाले आणि इंजेक्शनच्या गाड्या आल्या. त्याआधी ही डोकेबाज कामं नळ्यांमधला व्हॅक्यूमच करायचा.

या जंजाळाचा जगभर गाजलेला नमुना म्हणजे माझदाची पहिली आरएक्स-७, १९७८ सालची. तिच्यात पिस्टन नाहीत, तिकोनी रोटर गरगर फिरतो. अमेरिकेतले हौशी लोक तिच्या नळ्यांना 'उंदराचं घरटं' म्हणतात आणि कार्ब्युरेटर मोकळा करणं हा त्यांचा आवडता उद्योग. पण तिच्या कार्ब्युरेटरला आणखी दोन बारीक नळ्या येतात. रोटरच्या टोकांवरच्या सीलना वंगण मिळावं म्हणून एक छोटा पंप त्यांतून थोडं थोडं इंजिन ऑइल आत सोडतो. हे इंजिन मुद्दामच तेल जाळतं. त्या नळ्या काढल्या तर पेट्रोलमध्येच तेल मिसळावं लागतं, जुन्या बजाज स्कूटरमध्ये आपण टू-टी घालायचो तसं. म्हणजे नळी काढता येते, पण तिचं काम दुसऱ्या कुणाला तरी करावंच लागतं.

आमच्या गाडीबाबत हा हौसेचा मामला नव्हता. शेवटची एसटी गेली की आमच्या आळीत रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायला हीच गाडी. बाळंतपण असो की सर्पदंश, लोक आप्पांना हाक मारतात. आणि गाडी आयडलला गचके खात बंद पडू लागली होती. मिस्त्रींचं म्हणणं बिनबुडाचं नव्हतं: जितक्या नळ्या कमी, तितक्या फुटायच्या जागा कमी. तडकलेल्या नळीतून चोरटी हवा आत शिरते आणि हिशोब बिघडतो. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल स्वतःचा ऑक्सिजन घेऊन येतं, त्यामुळे मिश्रण आणखी पातळ होतं. शिवाय जुन्या रबराला ते मानवत नाही.

एका रविवारी मी कागदी चिकटपट्टी आणि वही घेऊन बसलो. प्रत्येक नळीला नंबर. ती कुठून निघते, कुठे जाते, कुणाचं काम करते, हे वहीत. संध्याकाळपर्यंत तीन ढीग झाले.

पहिला ढीग गॅस किटचा. आधीच्या मालकाने एलपीजी बसवलं होतं. टाकी गेली, पण कार्ब्युरेटरवरची मिक्सरची चकती, पेट्रोलच्या वाटेतला व्हॉल्व्ह आणि गॅस गरम ठेवायला कूलंटमधून घेतलेले जोड तसेच राहिले होते. त्यांचं काम करणारं आता कुणी नाही आणि कामही उरलेलं नाही. ते सगळं काढलं.

दुसरा ढीग इंजिनच्या गरजेचा. डिस्ट्रिब्युटरला जाणारी व्हॅक्यूमची नळी हलक्या पायाने गाडी चालवताना ठिणगी थोडी आधी पाडते आणि पेट्रोल वाचवते. ती तडकलेली होती, नवी घातली. मायलेजसाठी बारीक जेट टाकू, असं मिस्त्री म्हणत होते. इथेनॉलचं सांगितल्यावर ते थांबले आणि म्हणाले, "मग राहू द्या कंपनीचाच."

अडकलो ते तिसऱ्या ढिगापाशी. एक नळी पिस्टनच्या कडेने खाली उतरलेला धूर परत इंजिनात नेते. दुसरी कोळशाच्या डब्याला जाते. उन्हात टाकीतल्या पेट्रोलची वाफ होते, ती या डब्यात साठते आणि गाडी सुरू झाली की इंजिन ती ओढून जाळतं. या दोन्ही काढून भोकं नीट बुजवली तर चालवणाऱ्याला काहीच कळणार नाही. पीयूसीतही बहुधा कळणार नाही, कारण तिथे नळी लावतात ती सायलेन्सरला. आमच्यासारख्या जुन्या गाडीला आयडलला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के. पण टाकीतून उडणारी वाफ तिथे कोण मोजतंय?

मिस्त्री म्हणाले, "हिचा गाडीला काय उपेग?" खरंच काही नाही. पण गाडी उभी राहते पडवीला लागून आणि पडवीत दिवसभर आजी बसलेली असते. तिला दमा आहे. कोडमध्येही अशा ओळी असतात. वापरणाऱ्याला त्या दिसत नाहीत, टेस्टमध्ये सापडत नाहीत, आणि त्या ज्याच्यासाठी लिहिल्या तो माणूस मीटिंगला कधीच नसतो. त्यामुळे साफसफाईत पहिला बळी त्यांचाच जातो.

दोन्ही नळ्या नव्या आणल्या. गाडी पूर्वीपेक्षा जास्त पळत नाही, पण आयडलला शांत उभी राहते आणि पहाटे चोक ओढला की पहिल्या सेल्फला सुरू होते.

वही आता डॅशबोर्डच्या कप्प्यात असते, आरसी बुकाशेजारी. तिच्यात सात नंबरच्या नळीपुढे लिहिलंय: 'ही गाडीसाठी नाही, पडवीसाठी आहे. काढू नये.'