ताट आत, नाव बाहेर

माझं माहेर दौंड तालुक्यातलं, सासर शिरूर तालुक्यात. 2009 साली नवरा गेला. त्यानंतर तपासणीत मीही एचआयव्ही पॉझिटिव्ह निघाले. मुलगी निगेटिव्ह आली, तेवढाच आधार.

बातमी गावात फुटली. घरात भांडण नाही, शिवी नाही. जाऊबाईंनी फक्त माझं ताट-तांब्या पडवीत नेऊन ठेवलं. ‘तुम्हालाच बरं पडेल,’ म्हणाल्या. मी शिवणकाम करते. दिवाळीच्या तोंडावर ब्लाउजांचा ढीग पडायचा. त्या वर्षी बाया ‘सध्या काही शिवायचं नाही गं’ म्हणत दारावरूनच गेल्या. एकीनं सरळ विचारलं, ‘सुई टोचली, रक्त कापडाला लागलं, तर?’ कपड्यावरून एचआयव्ही होत नाही, हे तिला नीट सांगता आलं. ती अजून माझ्याकडंच शिवते. न विचारणाऱ्यांना काय सांगणार?

गोळ्यांसाठी मी पुण्याला ससूनला जाते. तालुक्याच्या दवाखान्यात कोणीतरी ओळखीचं भेटतंच. ससूनच्या रांगेत दौंडहून रेल्वेनं आलेल्या बायका असतात, त्यांचंही कारण तेच. एसटीत आम्हाला प्रवास मोफत आहे, पण त्यासाठी कंडक्टरला कार्ड दाखवायचं, आणि शेजारी गावचंच कोणी बसलेलं. 2023 पासून सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट झालं, ते मी काढते. पिशवीत गोळ्या खडखडू नयेत म्हणून बाटलीत कापूस कोंबते.

रोज गोळी घेतल्यानं माझ्या रक्तात विषाणू तपासणीत सापडत नाही. असं टिकून राहिलं तर शरीरसंबंधातूनही लागण होत नाही, असं डॉक्टर सांगतात. ताटा-तांब्यातून तर ती कधीच होत नव्हती.

समुपदेशक ताईंनी 2017 चा एचआयव्ही कायदा समजावून सांगितला. पॉझिटिव्ह माणसाला राहत्या घरातून, घराच्या कुठल्याही भागातून बाहेर ठेवता येत नाही. त्या संध्याकाळी मी माझं ताट स्वयंपाकघरातल्या मांडणीवर ठेवलं. सकाळी ते पडवीत होतं. मी परत आत नेलं. बरेच दिवस आम्ही दोघी न बोलता हेच करत होतो. शेवटी जाऊबाई कंटाळल्या. ताट आत राहिलं.

मुलीचं लग्न झालं की नाव लावून बोलेन, असं म्हणायचे. लग्न झालं. आता तिच्या सासरी कळायला नको, म्हणून इथंही नाव दिलेलं नाही.