अम्मीचं इंजेक्शन

वजन कमी करायच्या इंजेक्शनचा विषय निघाला की आमच्या मेहरूणमध्ये लोकांना सिनेमातल्या नट्या आठवतात. त्यामुळे डॉक्टरांनी माझ्या अडुसष्ट वर्षांच्या अम्मीला हे औषध सुचवलं, तेव्हा घरात आधी हसू फुटलं आणि मग वाद झाला. भाऊ म्हणाला, एवढा खर्च कशाला? खाला म्हणाली, जास्तीचे रोजे धर, वजन आपोआप उतरेल. अम्मी म्हणाली, "अब इस उमर में दुबली होके क्या करूँ?"

मला अम्मीचाच प्रश्न खरा वाटला. तिला सतरा वर्षांपासून शुगर आहे, बीपी आहे, गुडघे झिजलेत. तीन वर्षांपासून ती खुर्चीवर बसून नमाज पढते. आजाऱ्याला दीनमध्ये सवलत आहे, हे तिला माहीत आहे. तरी कपाळ जमिनीला टेकवायची तिची ओढ गेलेली नाही. बारीक दिसण्याशी तिला देणंघेणं नाही. तिला सजदा करायचा आहे.

मी भाषा शिकवणारी शिक्षिका, पण या निमित्ताने बरंच वाचलं. जेवल्यावर आपल्या आतड्यातून जीएलपी-1 नावाचं संप्रेरक स्रवतं. ते मेंदूला पोट भरल्याचं कळवतं आणि साखर वाढली की इन्शुलिनला चालना देतं. शरीरातलं हे संप्रेरक काही मिनिटांत संपतं. सेमाग्लुटाइड ही त्याचीच नक्कल, पण आठवडाभर टिकणारी. या कुळातलं पहिलं औषध 2005 साली अमेरिकेत मंजूर झालं, तेही मधुमेहासाठी. म्हणजे हे मुळात शुगरवाल्यांचंच औषध आहे, नट्यांकडे ते नंतर गेलं.

"अम्मी कुठे एवढी जाड आहे?" असंही कुणी म्हणालं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचंच उदाहरण छापलं होतं. दोघांचा बीएमआय सारखा, 22.3. पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के. आपल्या लोकांचं नुसत्या डोळ्यांनी माप काढता येत नाही, ते यामुळेच.

गुडघ्यांबद्दलही आशा आहे. 2024 साली स्थूलपणा आणि गुडघेदुखी असलेल्या 407 जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. 68 आठवड्यांत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचं वजन सरासरी 13.7 टक्के घटलं, औषध नसलेली सुई घेणाऱ्यांचं 3.2 टक्के. दुखणंही पहिल्या गटात जास्त कमी झालं. मात्र त्यांचं सरासरी वय 56 होतं, आणि शुगर असलेल्यांचं वजन तुलनेने कमी उतरतं. म्हणून अम्मीला आम्ही मोठे आकडे सांगितले नाहीत.

खरी मेख पुढे आहे. वजन उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात. तरुण माणूस ते भरून काढतो. अडुसष्टाव्या वर्षी मांड्यांची ताकद गेली, तर काटा खूश होईल, पण माणूस न्हाणीघरात पडेल. सजद्यातून उठायला मांड्याच लागतात. त्यामुळे डॉक्टरांनी औषधाबरोबर दोन गोष्टी सक्तीच्या केल्या. ताटात आधी अंडं, डाळ, दही किंवा मासे, मग भाकरी. आणि खुर्चीतून हात न टेकता उठायचा रोजचा व्यायाम.

सुरू करण्याआधी त्यांनी डोळ्यांचा पडदा तपासून घेतला, कारण साखर झपाट्याने उतरली तर आधीच खराब असलेला पडदा बिघडू शकतो. किडनीची तपासणी केली. स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का, घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर होता का, हे विचारलं. साखर एकदम खाली जाऊ नये म्हणून तिची ग्लिमेपिराइडची गोळी निम्मी केली. आठवड्याला 0.25 मिलिग्रॅमपासून सुरुवात झाली.

खालाला मी सांगितलं, रोजा इबादत आहे, उपचार नाही. सुई आठवड्यातून एकदाच असते, ती इफ्तारनंतरही घेता येते. पण सुरुवातीला मळमळ, उलट्या होतात आणि त्यात पाणी कमी पडलं तर किडनीवर ताण येतो. म्हणून आम्ही रमजान ईद झाल्यावरच सुरू केलं. मग जळगावचा मे महिना आला. भूक मरते तशी पाण्याचीही आठवण राहत नाही. भाभी दर तासाला ग्लास हातात देत होती. पेन अर्थातच फ्रिजमध्ये, आपल्या उन्हाळ्यात ते बाहेर ठेवायची सोय नाही.

खर्चाचा भावाचा मुद्दा मात्र खोटा नव्हता. मार्च 2025 मध्ये मौंजारो भारतात आलं, तेव्हा सर्वांत लहान मात्रेची एक कुपी 3,500 रुपयांना होती, म्हणजे महिन्याला 14,000. मार्च 2026 मध्ये सेमाग्लुटाइडच्या पेटंटची मुदत भारतात संपली आणि देशी कंपन्यांना वाट मोकळी झाली. तरीही औषध बंद केलं की वजन परततं. एका अभ्यासात वर्षभरात घटलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला. त्यामुळे पहिला महिना परवडतो का, एवढंच पाहून भागत नाही. दोन-तीन वर्षं जमेल का, हे आधी ठरवावं लागतं.

तीन महिन्यांत अम्मीचं वजन चार किलो उतरलंय. नमाज अजून खुर्चीवरच आहे. पण परवा ती हात न टेकता सलग आठ वेळा उठली. आमच्या लेखी तोच मोठा आकडा आहे.

तुमच्या घरी हा विषय निघाला तर आपल्या म्हाताऱ्या माणसाला आधी विचारा, तुला काय करता यायला हवंय? मग त्यांच्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. शेजारणीला मानवलं म्हणून मेडिकलमधून पेन परस्पर आणू नका.